पडद्यावरचें घर आणि त्याचा जमाखर्च

घर चालविणें म्हणजे जमाखर्चाची तोंडमिळवणी करणें होय, ही गोष्ट ज्यानें महिन्याची अखेर एकदां तरी स्वतःच्या जबाबदारीवर काढली आहे त्यास निराळी सांगावयास नको. वाणी, दूधवाला, घरभाडें किंवा कर्जाचा हप्ता, मुलांची फी, विजेचें बिल, औषधपाणी, आलागेला, ह्या सर्वांची वजाबाकी करून जें उरतें त्यावर माणसाची योग्यता ठरत नाहीं हें खरें. परंतु गृहस्थाश्रमांतले बहुतेक निर्णय त्या वजाबाकींतच दडलेले असतात. मुलगा कोणत्या शाळेंत जाईल, आजीच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ह्या वर्षीं होईल कीं पुढच्या, बहिणीला माहेरीं किती दिवस ठेवून घेतां येईल, हे प्रश्न जसे प्रेमाचे तसेच पैशाचेहि असतात. असें असतां रोज संध्याकाळीं टेलिव्हिजनच्या पडद्यावाटे आपल्या बैठकीच्या खोलींत जें दुसरें एक घर येऊन बसतें, त्या घरांत भांडणें होतात, कारस्थानें शिजतात, लग्नें मोडतात आणि जुळतात, मेलेलीं माणसें देखील परत येतात, पण “हें कितीला पडलें?” असा प्रश्न कोणी कोणास विचारीत नाहीं. हें बिनहिशेबी घर कोठून आलें, तें आरंभापासून असेंच होतें काय, आणि त्याच्या शेजारानें आपल्या घराचें काय झालें, ह्याचा थोडा ऐतिहासिक विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोणी म्हणेल, गोष्टींत श्रीमंती असावी ही कांहीं नवी तऱ्हा नव्हे. आमच्या आज्यांनीं सांगितलेल्या कहाण्यांतून राजे होते, सोन्याचीं ताटें होतीं, हत्तीघोडे होते. संगीत नाटकांतून भरजरी शालू मिरविले गेले. त्यानें कोणाचें घर बुडालें? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें उत्तर दिल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. आटपाट नगराचा राजा आपला शेजारी आहे असा दावा कहाणी कधींच करीत नाहीं. ‘आटपाट नगर’ हे शब्द कानीं पडतांच श्रोत्यास कळतें कीं आपण आपली आळी सोडून दुसरीकडे निघालों. शिवाय त्याच कहाणींत गरीब ब्राह्मण येतो तो गरीब म्हणूनच येतो. त्याच्या घरीं दाणा नाहीं हें कहाणी लपवीत नाहीं. मालिकेची गोष्ट निराळी आहे. ती म्हणते, हें घर तुमच्यासारखेंच, ही सासू तुमच्या सासूसारखीच, हे सणवार तुमचेच. तिनें श्रीमंती दाखविली हा तिचा दोष नव्हे. श्रीमंती हीच माणसाची साधारण स्थिति होय असें तिनें भासविलें, आणि ती श्रीमंती कोणत्या श्रमांतून येते व टिकविण्यास काय पडतें हें झांकून ठेविलें, हा दोष. ह्या एका भेदावर आमचें सर्व म्हणणें उभें आहे.

ह्या इतिहासाचा पहिला अध्याय अमेरिकेंत घडला, म्हणून प्रथम तिकडे वळूं. घरगुती मालिकेचा जन्म तेथें टेलिव्हिजनच्याहि आधीं, रेडिओवर झाला. १९३० च्या सुमारास दुपारच्या वेळीं गृहिणींसाठीं क्रमशः कौटुंबिक कथा ऐकविण्याची पद्धति सुरू झाली, आणि तिचा पुष्कळसा खर्च साबणाच्या कारखानदारांनीं सोसला. त्यावरूनच ह्या कथांना ‘सोप ऑपेरा’ हें थट्टेचें नांव पडलें. ह्यांत प्रॉक्टर अँड गॅम्बल ही कंपनी अग्रेसर होती. तिच्या आश्रयाखालील ‘दि गाइडिंग लाइट’ ही मालिका १९३७ सालीं रेडिओवर सुरू झाली, १९५२ सालीं टेलिव्हिजनवर आली आणि २००९ पर्यंत चालली. पूर्वीं कथेकऱ्याचा आश्रयदाता राजा किंवा सरदार असे. आतां तो माल विकणारा झाला. हा फरक वाचकांनीं लक्षांत ठेवावा.

तथापि अमेरिकन टेलिव्हिजनवरचीं आरंभींचीं कित्येक घरें गरिबाचींच होतीं. गर्ट्रूड बर्ग ह्या लेखिकेनें १९२९ पासून रेडिओवर चालविलेली ‘दि गोल्डबर्ग्ज’ ही कथा १९४९ सालीं पडद्यावर आली. तींतील ज्यू कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांतल्या एका चाळवजा इमारतींत राहत असे, आणि शेजारणी खिडक्यांतून एकमेकींशीं बोलत. पुढें १९५५–५६ सालीं ‘दि हनीमूनर्स’ ह्या नांवाचे ३९ भाग प्रसृत झाले. त्यांचा नायक रॅल्फ क्रॅमडेन हा बस हांकणारा. त्याचा पगार आठवड्यास ६२ डॉलर. त्याचें ब्रुकलिनमधलें बिऱ्हाड म्हणजे एक मेज, चार खुर्च्या, एक शेगडी, एक मोरी आणि बर्फ घालून थंड ठेवण्याची जुनाट पेटी. एका रात्रींत धनवान् होण्याच्या युक्त्या तो नित्य काढी आणि त्या नित्य फसत. बायको, ॲलिस, त्याला आधीं बोल लावी आणि मग जवळ घेई. प्रेक्षक पोट धरून हंसत. पण त्या सर्व हंशाच्या मुळाशीं ६२ डॉलरांची मर्यादा होती. ती काढून घेतली असतां नवराबायकोचें भांडणहि उरत नाहीं आणि समेटहि उरत नाहीं. जमाखर्च हा त्या कथेचा कणा होता.

त्याच दशकांत दुसऱ्या तऱ्हेचें एक घर पडद्यावर आलें. ‘फादर नोज बेस्ट’ (१९५४) आणि ‘लीव्ह इट टु बीव्हर’ (१९५७) ह्या मालिकांतून उपनगरांतला टुमदार बंगला, पुढें हिरवळ, दाराशीं मोटार, गळ्यांत मोत्यांची माळ घालून स्वयंपाक करणारी आई, हें चित्र रूढ झालें. दुसऱ्या मालिकेंतला बाप रोज कचेरींत जातो आणि रोज घरीं येतो. पण तेथें तो नेमकें कोणतें काम करितो हें मालिका कधीं स्पष्ट सांगत नाहीं. मिळकत आहे, पण मिळकतीचें मूळ दिसत नाहीं, अशी स्थिति प्रथम येथें आली. हें चित्र केवळ खोटें होतें असेंहि नव्हे. महायुद्धानंतर सरकारी हमीच्या कर्जांवर लक्षावधि अमेरिकन कुटुंबें खरोखरच उपनगरांत राहावयास गेलीं होतीं, आणि हप्त्यांवर वस्तु घेण्याची रीति सर्रास झाली होती. परंतु पडद्यावर बंगला आला आणि हप्ता आला नाहीं. त्याला कोणाचा कट लागत नाहीं. शीतकपाट विकणाऱ्यास जाहिरातीच्या आगेंमागें बर्फाची पेटी असलेलें स्वयंपाकघर नकोसें वाटणार, आणि कर्जाच्या चिंतेनें झोंप उडालेल्या गृहस्थाची कथा तर त्याहून नकोशी वाटणार, हें उघड आहे.

तरी जमाखर्चाच्या कथा प्रेक्षकांस नकोत असा सिद्धांत त्यावरून कोणी काढील तर तो फसेल. १९७१ सालीं सुरू झालेली ‘ऑल इन द फॅमिली’ ही एका कामगाराच्या घरची गोष्ट होती. १९८८ सालच्या ‘रोझॅन’ ह्या मालिकेची नायिका आरंभीं प्लास्टिकच्या कारखान्यांत काम करणारी आई होती, आणि ह्या महिन्यांत कोणतें बिल भरावें व कोणतें लांबवावें हा तिच्या घरांतला नित्याचा प्रश्न होता. दोन्ही मालिका आपापल्या काळीं लोकप्रियतेच्या अग्रभागीं होत्या.

परंतु पुढें जगभर पसरल्या त्या मालिका ह्या वळणाच्या नव्हत्या. १९९४ ते २००४ पर्यंत चाललेली ‘फ्रेंड्स’ ही मालिका आपल्याकडील तरुणांसहि परिचित आहे. तींत एक मुलगी स्वयंपाकीण आणि तिची मैत्रीण आरंभीं कॉफीच्या दुकानांत वाढपीण. दोघी राहतात त्या मॅनहटनमधील जागेची विस्तीर्णता पाहून तेथल्या भाडेकऱ्यांनीं कपाळास हात लावले. लेखकांसहि लाज वाटली असावी, कारण त्यांनीं एक सबब घालून ठेविली: ही जागा आजीच्या नांवावरची, जुन्या भाडेनियंत्रणाखालची. मुंबईच्या गिरगांव-दादरकडील वाचकांस ही सबब समजण्यास अडचण पडूं नये! १९९५ सालच्या एका भागांत तर सहा मित्रांपैकीं कमी मिळविणारे तिघे, जास्त मिळविणाऱ्या तिघांबरोबर महागड्या खाणावळींत जाण्यास कचरतात, आणि मैत्रींत पैशामुळें कशी अढी पडते हें सुरेख दाखविलें आहे. तसाच प्रकार ‘सेक्स अँड द सिटी’ (१९९८–२००४) ह्या मालिकेचा. तिची नायिका वर्तमानपत्रांत आठवड्यास एक सदर लिहिते आणि शेंकडों डॉलरांचे बूट विकत घेते. २००२ सालच्या एका भागांत राहती जागा विकत घेण्याची वेळ येते, तेव्हां तिच्या ध्यानांत येतें कीं आपण ४० हजार डॉलरांचे बूट जमविले आणि शिल्लक कांहीं ठेविली नाहीं. शेवटीं मैत्रीण आपली अंगठी देऊन तिला सोडविते. वही उघडली गेली, क्षणभर खरी गोष्ट दिसली, आणि वही पुन्हां मिटली.

ह्याचा प्रेक्षकांच्या मनावर काय परिणाम होतो, ह्याची चिकित्सा अमेरिकेंत पंडितांनीं केली आहे. टॉमस ओगिन आणि एल्. जे. श्रम ह्यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत असें आढळलें कीं, जे लोक टेलिव्हिजन अधिक पाहतात त्यांस उंची मोटारी, घरकामाला नोकर यांसारख्या गोष्टी समाजांत प्रत्यक्षापेक्षां पुष्कळ अधिक लोकांजवळ आहेत असें वाटतें. ज्यूलिएट शोर ह्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनीं १९९८ सालच्या आपल्या ग्रंथांत टेलिव्हिजन पाहण्याचे तास वाढतात तशी बचत घटते असा संबंध दाखविला. असा संबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हें आम्ही जाणतों. तरी बाईंचें मुख्य म्हणणें विचार करण्यासारखें आहे: पूर्वीं माणूस आपली बरोबरी शेजाऱ्याशीं करी, आणि शेजाऱ्याची मिळकत साधारण आपल्याच मापाची असे, आतां तो पडद्यावरील घराशीं बरोबरी करितो, आणि त्या घराच्या मिळकतीस माप नाहीं.

आतां आपल्या देशाकडे येऊं. दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं प्रयोगादाखल टेलिव्हिजन सुरू झाला. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं उघडलें. १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती घेऊं लागले, आणि १९८२ सालीं रंग आला. मुंबई केंद्रावर चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ हे दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या रूपानें अवतरले, त्याची आठवण अनेक घरांत अद्याप ताजी आहे. चिमणरावांची फजिती ही बेताच्या मिळकतीच्या मराठी गृहस्थाची फजिती होती. तो बेत ठाऊक असल्यामुळेंच ती आपलीशी वाटे.

‘हम लोग’ ही दूरदर्शनवरची पहिली मोठी कौटुंबिक मालिका ७ जुलै १९८४ रोजीं सुरू झाली. तिचें मूळ मेक्सिकोंत आहे. तेथें मिगेल साबीदो ह्या निर्मात्यानें मनोरंजक कथेंतून साक्षरता व कुटुंबनियोजन शिकविण्याचा प्रयोग केला होता. त्या वेळचे नभोवाणी-मंत्री वसंत साठे यांस तो पसंत पडला, आणि मनोहर श्याम जोशी यांनीं हिंदींत कथा लिहिली. पिऊन घर विसरणारा बाप, सोसणारी आई, बेकार मोठा मुलगा, क्रिकेटचीं स्वप्नें पाहणारा धाकटा, डॉक्टर होऊं इच्छिणारी मुलगी, आणि आजाआजी. इतकीं माणसें अपुऱ्या जागेंत व अपुऱ्या पैशांत राहत. भागाच्या शेवटीं अशोककुमार येऊन प्रेक्षकांशीं चार शब्द बोलत. मालिका चालू असतांना सुमारें ४ लाख पत्रें आलीं असें सांगतात. पाठोपाठ ‘रजनी’ (१९८५) आली, ती गॅसच्या नळकांड्यासाठीं अडवणूक करणाऱ्यांशीं भांडली, ‘नुक्कड’ (१९८६) आली, तिनें रस्त्याच्या कोपऱ्यावरचीं हातावर पोट असणारीं माणसें दाखविलीं, आणि आर्. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेंतून ‘वागले की दुनिया’ (१९८८) आली, तिच्या नायकाच्या सर्व चिंता कारकुनी उत्पन्नाच्या मापाच्या होत्या.

येथें आमच्याच विवेचनास बाध येईल अशी एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ‘हम लोग’चा खर्च ‘मॅगी’ ह्या त्या वेळीं नव्या असलेल्या शेवयांच्या जाहिरातीनें उचलला होता. म्हणजे जाहिरातदाराच्या पैशावर गरिबाची कथाहि चालूं शकते! तेव्हां जाहिरात हेंच सर्व अनर्थाचें मूळ असें म्हणून मोकळें होतां येत नाहीं. भेद पडला तो दुसऱ्या एका कारणानें. त्या काळीं देशांत वाहिनी बहुतेक एकच होती. प्रेक्षक उठून जाणार कोठें? त्यामुळें लेखकास धीर धरतां येई. १९९१ नंतर उपग्रहावरून परदेशी वाहिन्या आल्या, १९९२ च्या ऑक्टोबरांत ‘झी’ सुरू झाली, आणि वाहिनी पालटण्याचें बटण प्रेक्षकाच्या हातीं आलें. आतां दर आठवड्यास कोणी किती पाहिलें ह्याचे आंकडे निघूं लागले आणि त्यांवर जाहिरातीचा दर ठरूं लागला. बोट बटणाकडे जाण्यापूर्वीं डोळ्यांस धरून ठेवील असें कांहीं तरी पाहिजे. आणि डोळ्यास सर्वांत लवकर धरतो तो झगमगाट.

३ जुलै २००० रोजीं ‘क्यूँकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली. पुजाऱ्याची मुलगी तुलसी ही ‘शांतिनिकेतन’ नांवाच्या प्रासादांत विराणी कुटुंबाची सून होऊन येते, येथून आरंभ; आणि २००८ च्या नोव्हेंबरापर्यंत अठराशेंहून अधिक भाग. त्याच वर्षीं ‘कहानी घर घर की’ सुरू झाली. नांव पाहा: घरोघरची गोष्ट! आणि घर कसें, तर मधोमध वळणाचा जिना, भिंतींना सोनेरी नक्षी, बायका रात्रींहि जरीचे शालू व दागिने ल्यालेल्या, पुरुष ‘बिझिनेस’ करणारे. हा ‘बिझिनेस’ शब्द फार सोयीचा आहे. कापड कीं लोखंड, उधारी किती, कामगार किती, बँकेचें देणें किती, ह्यांपैकीं कांहीं न सांगतां तो एका शब्दांत सर्व वैभवाचा उगम सांगून टाकतो. घरांत ‘प्रॉपर्टी’साठीं खून पडतात, पण त्या ‘प्रॉपर्टी’वर कर कोणी भरिला आहे असें दिसत नाहीं.

ह्या प्रासादाचें एक गुपित वाचकांस सांगितलें पाहिजे. रोज एक भाग प्रसृत करावयाचा म्हणजे रोज चित्रण पाहिजे. बाहेर रस्त्यावर, कचेरींत, बाजारांत जाऊन चित्रण करावें तर परवानगी, प्रवास, गर्दी, आवाज ह्यांनीं दिवस मोडतो. त्यापेक्षां प्लायवूड आणि रंग ह्यांचा एकच दिवाणखाना उभारावा, त्यांत चार पिढ्या एकत्र ठेवाव्या, आणि सर्व भांडणें तेथेंच लावावीं, हें फार स्वस्त पडतें. दिवाणखाना मोठा असला कीं दहा माणसें एका चौकटींत मावतात आणि एका संवादावर दहा चेहरे दाखवून वेळहि भरून काढतां येतो. म्हणजे पडद्यावरच्या त्या उधळपट्टीच्या मुळाशीं निर्मात्याची काटकसर आहे! त्या घरांत हिशेब नाहीं असें आम्हीं वर म्हटलें. हिशेब आहे, आणि तो पैपैचा आहे. मात्र तो पडद्याच्या मागें आहे, पुढें नाहीं.

मराठी मालिका ह्या वाऱ्यापासून कांहीं काळ दूर राहिल्या. ‘अल्फा मराठी’ वाहिनी १९९९ सालीं निघाली, तिच्यावरील ‘आभाळमाया’ ही प्राध्यापक स्त्रीची कथा बहुतांशीं मध्यम स्थितींतल्या घराचीच होती. पण २००१ सालीं ‘ई टीव्ही मराठी’वर ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली आणि तीन हजारांहून अधिक भाग चालली, ती देशमुखांच्या ऐश्वर्यसंपन्न घराची. पुढें २०१३ सालच्या ‘होणार सून मी ह्या घरची’ मधील बँकेंत नोकरी करणारी साधी मुलगी गोखल्यांच्या संपन्न गृहोद्योगाची सून झाली. सर्वांत बोधप्रद उदाहरण २०१६ सालीं सुरू झालेल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’ हिचें आहे. नवऱ्यानें टाकलेली नागपूरकडची गृहिणी राधिका मसाले करून विकूं लागते, आणि पाहतां पाहतां तिची कंपनी ३०० कोटींची होते. हा आंकडा ऐकून महाराष्ट्र पुष्कळ हंसला. आमच्या मतें हंसण्याजोगा आंकडा नव्हता, ‘पाहतां पाहतां’ हे शब्द हंसण्याजोगे होते. मिरची-धण्याचा भाव, दळणाची मजुरी, वाण्याकडे अडकलेली उधारी, परत आलेला माल, ह्यांपैकीं प्रत्येक गोष्टींत एकेका भागाचें नाट्य होतें. तें टाकून मालिकेनें आंकडा तेवढा ठेविला.

कारण अशी गोष्ट मुंबईंत खरोखरच घडलेली आहे. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांतल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. त्यांत जसवंतीबेन पोपट ह्या एक होत्या. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. तीच ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ ही संस्था होय. साठ वर्षांनीं तिची उलाढाल १,६०० कोटी रुपयांच्या घरांत गेली आणि सुमारें ४५ हजार स्त्रिया तिच्या भागीदार झाल्या. मालिकेच्या आंकड्याच्या पांचपट हा आंकडा आहे! पण त्याच्या मागें साठ वर्षें आहेत, रोजचें वजन आहे, लाटलेल्या प्रत्येक किलोची मजुरी आहे. सत्य हें कल्पिताहून मोठें निघालें, आणि तें मोठें निघालें तें हिशेबामुळेंच. मालिकेनें हिशेब गाळून चमत्कार वाढविला असें तिला वाटलें. वस्तुतः तिनें तो घालविला.

पडद्यावरील घराचें अंतर मोजण्यास एक सरकारी माप देतों. २०२३–२४ सालच्या घरगुती उपभोग-खर्चाच्या पाहणीप्रमाणें भारताच्या शहरी भागांत दर माणशीं सरासरी मासिक खर्च ६,९९६ रुपये आणि ग्रामीण भागांत ४,१२२ रुपये होता. म्हणजे शहरांतल्या चार माणसांच्या सरासरी कुटुंबाचा सर्व खर्च महिना २८ हजारांच्या आंत बसतो. मालिकेंतील सुनेच्या अंगावर एका भागांत जो शालू दिसतो, त्याची किंमत ह्या आंकड्याशेजारीं ठेवून पाहावी.

येथें उलट बाजूहि सांगितली पाहिजे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर ह्या अर्थशास्त्रज्ञांनीं २००९ सालीं भारतीय खेड्यांविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. ज्या खेड्यांत केबल टेलिव्हिजन पोहोंचला तेथें नवऱ्यानें बायकोस मारणें योग्य असें मानणें कमी झालें, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, आणि घरच्या निर्णयांत स्त्रियांचा शब्द वाढला, असें त्यांस आढळलें. ज्या पडद्यानें जरीचे शालू दाखविले त्यानेंच कचेरींत जाणारी, उलट बोलणारी स्त्रीहि दाखविली. तेव्हां टेलिव्हिजन फोडून टाका असा उपदेश करणारांत आम्ही नाहीं. पडदा शिकवितो हें ह्यावरून सिद्ध होतें. आणि जो एक गोष्ट शिकवितो तो दुसरीहि शिकवितो, हेंहि त्यावरूनच सिद्ध होतें.

ती दुसरी गोष्ट कोणती, हें आमच्या परिचयाच्या एका घरावरून सांगतों. गृहस्थ एका कचेरींत हेडक्लार्क होते. महिन्याच्या शेवटच्या रात्रीं जेवणें झाल्यावर ते मुलांस जवळ बसवून हिशेबाची वही मोठ्यानें वाचीत. मुलांस त्यांत मौज वाटे. धाकटीनें एकदां आपल्या पेन्सिलीचे पैसे मांडावयाचे राहिले म्हणून बापाची चूक काढली, तेव्हां तिला बक्षीस मिळालें होतें. पुढें तिचेंच लग्न ठरलें. साखरपुड्यास दिवाणखाना, मेंदीचा एक दिवस, ‘संगीता’चा एक दिवस, प्रत्येक दिवसाच्या पोशाखाचा रंग निराळा. ह्यांतला ‘संगीत’ तर आमच्याकडील लग्नविधींत आज्यापणज्यांनीं कधीं ऐकिला नव्हता. याद्या करतांना गृहस्थांनीं संवयीनें वही काढली. मुलगी गुणी, तिचा आवाजहि चढला नाहीं. ती हलकेंच म्हणाली, “बाबा, ती वही त्यांच्यादेखत काढूं नका ना.” त्यांनीं ती मिटून कपाटांत ठेविली. कर्ज पांच वर्षांत फिटलें. पण त्या घरांत वही पुन्हां मोठ्यानें वाचली गेली नाहीं. हें सर्व एका मालिकेनें केलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. शेजारीपाजारी, सोयरेधायरे, आपण सर्वच त्यांत आलों. त्या लग्नांत आम्हीहि जेवलों, आणि थाटाची तोंडभर वाखाणणी आम्हींहि केली.

आमच्या दृष्टीनें खरी हानि कर्जाची नव्हे. कर्ज फिटतें. मध्यम स्थितींतल्या घरांत पैशाविषयीं उघड बोलण्याची जी एक निरोगी चाल होती, ती ह्यामुळें ओशाळवाणी झाली, ही खरी हानि. ‘काटकसर’ हा शब्द पूर्वीं गृहिणीच्या प्रशंसेचा होता. आज तो उच्चारतांना माणूस इकडेतिकडे पाहतो. ज्या मुलांनीं बापाची मिळकत कधीं ऐकिली नाहीं, आणि ज्यांनीं रोज संध्याकाळीं बिनमिळकतीचें ऐश्वर्य पाहिलें, त्यांस आपलें प्रामाणिक घर कमी वाटूं लागलें तर तो दोष त्या मुलांचा नव्हे.

सुदैवानें वही अगदींच बंद झालेली नाहीं. २०१९ सालीं ‘गुल्लक’ नांवाची एक हिंदी मालिका आली. लहान शहरांतल्या एका साध्या कुटुंबाची ती कथा घरांतला मातीचा गल्लाच सांगतो. २०२० सालच्या ‘पंचायत’ मधील तरुण महिना २० हजार रुपयांवर खेड्यांत ग्रामसचिव होऊन जातो, आणि त्याचें सारें अवघडलेपण त्या पगारापासून सुरू होतें. दोन्ही लोकांनीं आवडीनें पाहिल्या, आणि त्यांचे पुढील भागहि निघाले. सत्तर वर्षांपूर्वीं ६२ डॉलरांवर जी कथा उभी राहिली, ती २० हजार रुपयांवरहि उभी राहते.

तेव्हां लेखकांस आमची विनंति इतकीच कीं, आपल्या पात्रांना पगार द्या आणि तो प्रेक्षकांस कळूं द्या. घरोघरच्या वडीलधाऱ्यांस विनंति अशी कीं, मालिका खुशाल पाहावी. मात्र ती पाहतांना केव्हां तरी मुलांस विचारावें, ह्या घरांत मिळवितो कोण, आणि इतक्या खर्चाला पुरतें कसें? आणि महिन्याच्या शेवटच्या रात्रीं, टेलिव्हिजन बंद झाल्यावर, कपाटांतली वही काढून त्यांस जवळ बसवावें.